ई-पुस्तकावरचे स्वत्व

ई-पुस्तक विकत घेतले की ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडते, हा प्रश्न वरवर तंत्रज्ञानाचा किंवा कायद्याचा वाटतो. मुळात तो स्वत्वाचा प्रश्न आहे. एखादी वस्तू आपली असते म्हणजे काय, ती आपली कशामुळे होते आणि एकदा आपली झाल्यावर देणाऱ्याचा तिच्यावर हात उरतो का? धर्मशास्त्र, मीमांसा आणि न्यायदर्शन यांनी या प्रश्नांचा शतकानुशतके कीस काढला आहे. युरोपातही रोमन कायद्यापासून कांटपर्यंत त्यांचा विचार झाला आहे. ई-पुस्तकाने ते पुन्हा उभे केले, कारण वाचकाच्या हातात असूनही विक्रेत्याच्या हातून न सुटलेले पुस्तक यापूर्वी कधी नव्हते.

ई-पुस्तकावरचे डिजिटल कुलूप कसे चालते ते आधी पाहिले पाहिजे. विक्रेत्याकडून येणारी फाइल सांकेतिक रूपात बंद केलेली असते. ती उघडणारी किल्ली ग्राहकाच्या खात्याशी आणि त्याच्या यंत्राशी बांधलेली असते. वाचक पान उलटतो तेव्हा यंत्र तेवढ्यापुरता मजकूर उलगडून पडद्यावर दाखवते. उघडा मजकूर वाचकाच्या ताब्यात कधीच येत नाही. या व्यवस्थेला डीआरएम (डिजिटल राइट्स मॅनेजमेंट) म्हणतात. तिच्यामुळे एका कंपनीची फाइल दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर सहसा उघडत नाही. उतारा किती लांबीचा नकलून घेता येईल, पान छापता येईल की नाही, हेही फाइलबरोबर आलेल्या अटी ठरवतात. २००९ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘किंडल’ या ॲमेझॉनच्या वाचनयंत्राच्या दुसऱ्या पिढीत पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय होती. अमेरिकेतल्या ‘ऑथर्स गिल्ड’ या लेखकसंघटनेने हरकत घेतली आणि ती सोय पुस्तकागणिक बंद करण्याची मुभा हक्कधारकांना मिळाली. छापील पुस्तक आजोबांनी नातवाला मोठ्याने वाचून दाखवायचे की नाही, हे कोणत्याही प्रकाशकाने कधी ठरवले नव्हते.

या व्यवस्थेचा पूर्ण अर्थ लोकांना कळला तो त्याच वर्षीच्या जुलैत. ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या काही प्रती दुरूनच पुसून टाकल्या. त्या आवृत्त्या दुकानात ठेवणाऱ्या प्रकाशकाकडे अमेरिकेतले हक्क नव्हते. ऑर्वेल यांचे निधन १९५० मध्ये झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी हक्क संपवणाऱ्या देशांत ही पुस्तके मोकळी झाली होती. अमेरिकेत मात्र ‘१९८४’ चा हक्क २०४४ पर्यंत चालणार आहे. ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पुढे एका विद्यार्थ्याने दावा लावला. अभ्यासासाठी त्याने पुस्तकात केलेली टिपणे ज्या ओळींना जोडलेली होती त्या ओळीच नाहीशा झाल्याने ती निरुपयोगी झाली होती. तडजोडीत कंपनीने मान्य केले की न्यायालयाचा आदेश यासारखे अपवाद सोडता अमेरिकेतल्या ग्राहकांची पुस्तके यापुढे अशी काढून घेतली जाणार नाहीत.

या प्रकरणात टिपणांचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८९ मध्ये मांडले की माणूस आपले श्रम ज्या वस्तूत मिसळतो ती त्याची होते. कादंबरीचा हक्क कोणाचा यावर वाद होऊ शकतो, पण समासात लिहिलेल्या विचारांवर वाचकाखेरीज कोणाचा हक्क आहे? आणि अधोरेखित ओळी व समासातल्या खुणा मजकुराला चिकटलेल्याच असतात. पुस्तक काढून घेणे म्हणजे वाचकाच्या मनाच्या कामाचा काही भाग त्याच्याबरोबर उपटून नेणे. पैसे परत केल्याने त्याची भरपाई होत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि आधी विकलेली पुस्तके त्या जुलैत उघडेनाशी झाली, तेव्हा पुस्तकांच्या किमतीबरोबर टिपणे करणाऱ्या ग्राहकांना २५ डॉलर वेगळे जमा करून दिले. टिपणांचे मोल निराळे आहे, हे त्या कंपनीनेही मानले होते.

अशी पुसापुशी रोज होत नाही. रोज होते ते आकुंचन. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात भरण्याची जुनी सोय काढून टाकली. आधी घेतलेली पुस्तके कोणाचीही गेली नाहीत. पण त्यांची वेगळी प्रत आपल्या कपाटात ठेवण्याची एक वाट बंद झाली, आणि ती व्यवहारानंतर, विकणाऱ्याच्या एकट्याच्या निर्णयाने बंद झाली.

कंपन्यांचे यावर उत्तर ठरलेले असते: ग्राहकाने पुस्तक घेतलेलेच नाही, वाचण्याचा परवाना घेतला आहे, आणि तसे अटींमध्ये लिहिले आहे. ते खरोखर लिहिलेले असते. प्रश्न असा की लिहिल्याने स्वत्व ठरते का.

नेमका हाच वाद विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त घातला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ही टीका त्याने कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी लिहिली. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. पुढे महाराष्ट्रासह भारताच्या मोठ्या भागात वारसा आणि मालमत्तेचे व्यवहार या ग्रंथाच्या आधाराने चालले. दायविभागाच्या आरंभी विज्ञानेश्वर विचारतो: स्वत्व शास्त्राने कळते की लोकव्यवहाराने? शास्त्रपक्षाचे म्हणणे असे, की वारसा, खरेदी, वाटणी, मालक नसलेल्या वस्तूचा स्वीकार आणि सापडलेले धन अशी मिळकतीची साधने गौतमाच्या धर्मसूत्रात सांगितली आहेत. म्हणून शास्त्र सांगेल तेच स्वत्व.

विज्ञानेश्वर हे मानत नाही. त्याच्या मते स्वत्व लौकिक आहे. ज्या गोष्टी केवळ शास्त्रातून कळतात, जसा यज्ञातला आहवनीय अग्नी, त्यांच्याने रोजची कामे होत नाहीत. आहवनीयावर भात शिजेल, पण तो साधा अग्नी म्हणून शिजेल, आहवनीय म्हणून नव्हे. स्वत्वाने मात्र खरेदी, विक्री, देणे, घेणे ही लौकिक कामेच होतात. शिवाय शास्त्राचा ज्यांना गंधही नाही अशा सीमेपलीकडच्या लोकांतही हे माझे, ते तुझे हा व्यवहार दिसतो, कारण तेही विकतात आणि विकत घेतात. यावर आक्षेप येतो: मग चोराच्या हातातली वस्तू चोराचीच म्हणावी लागेल. उत्तर असे, की लोकांनाच ती त्याची वाटत नाही. ताबा आणि स्वत्व यांतला फरक शास्त्राने शिकवावा लागत नाही. वस्तू कोणत्या मार्गाने आली, हे पाहून लोक तो करतात.

ई-पुस्तकाला हा विचार लावला तर परवान्याचा युक्तिवाद बराच पातळ होतो. ग्राहकाने किंमत दिली, ती बहुधा कागदी पुस्तकाच्या जवळपासची होती, बटणावर ‘विकत घ्या’ असे लिहिले होते, पुस्तक त्याच्या संग्रहात दिसू लागले आणि परत करण्याची कोणतीही तारीख दिली गेली नाही. लोकव्यवहारात या सगळ्याचे एकच नाव आहे. कोणी न वाचलेल्या कलमात वेगळे लिहून ठेवल्याने त्या व्यवहाराचे स्वरूप पालटते असे म्हणणे, म्हणजे स्वत्व लेखातूनच कळते या जुन्या पूर्वपक्षाकडे परत जाणे होय. आणि हा लेख तर शास्त्राचाही नाही, व्यवहारातल्या एका पक्षाने एकट्याने लिहिलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाला ही विसंगती बोचली असावी. १ जानेवारी २०२५ पासून तिथे लागू झालेल्या कायद्याने, परवानाच देणाऱ्या डिजिटल विक्रेत्याला तसे ग्राहकासमोर स्पष्ट मांडल्याखेरीज ‘खरेदी’ची भाषा वापरण्यास मनाई केली आहे.

लौकिक पक्षाची एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. लोकव्यवहार बदलतो. महिन्याचे पैसे भरून चित्रपट पाहणाऱ्याला तो चित्रपट आपला वाटत नाही. उद्या ई-पुस्तकांबद्दलही लोकांची हीच समजूत झाली, तर स्वत्व गेल्याची तक्रार उरणार नाही. भाड्याने वाचण्यात काही गैर नाही. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या महिन्याची वर्गणी भरून वाचनालयातून पुस्तके आणत वाढल्या. पण मग व्यवहाराला त्याचे खरे रूप द्यावे लागेल. धर्मशास्त्रात वापरासाठी मागून आणलेल्या वस्तूला ‘याचितक’ म्हणतात, आणि ती मालकाला परत करायची असते. रोमन कायद्यात ‘प्रिकारियम’ नावाची व्यवस्था होती: मागणाऱ्याला वस्तू वापरायला मिळे, पण देणारा मनात येईल तेव्हा ती परत घेऊ शके. आजचे कुलूपबंद ई-पुस्तक या दोन्हींच्या जवळचे आहे, फक्त पूर्ण किंमत मोजून घेतलेले. याचितकाची पूर्ण किंमत घेणे कोणत्याच परंपरेने न्याय्य मानलेले नाही.

आता दुसरी बाजू. कंपन्या म्हणतील, ग्राहक पुस्तक हवे तितक्या वेळा वाचू शकतो, अनेक यंत्रांवर उघडू शकतो, शब्दांचे अर्थ पाहू शकतो. एवढे सगळे करता येत असताना मालकी नाही म्हणून बिघडते कुठे? याचे सूक्ष्म उत्तर नव्यन्यायात सापडते. नैयायिकांमध्ये स्वत्वाचे एक प्रचलित लक्षण होते: वस्तू हवी तशी वापरण्यास योग्य असणे म्हणजे स्वत्व. नवद्वीपचा रघुनाथ शिरोमणी सोळाव्या शतकाच्या आरंभी या लक्षणाला हरकत घेतो. वापर म्हणजे खाणे वगैरे असेल, तर दुसऱ्याचे अन्नही खाता येतेच. शास्त्राने न निषेधलेला वापर म्हणावे, तर शास्त्र परक्याची वस्तू घेऊ नको म्हणते, म्हणजे कोणती वस्तू परक्याची हे आधी ठाऊक हवे. लक्षण स्वतःच्याच शेपटीला धरून फिरते. म्हणून रघुनाथ ठरवतो की स्वत्व हा वापरांची बेरीज करून मिळणारा गुण नाही, तो स्वतंत्र पदार्थ आहे.

हा मुद्दा ई-पुस्तकाला तंतोतंत लागू पडतो. परवानग्यांची यादी कितीही लांबवली तरी तिच्यातून स्वत्व निघत नाही, कारण यादीतली प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या मर्जीवर उभी असते. उलट वापरावर बंधने आली म्हणून स्वत्व संपत नाही. स्वतःच्या घरावर मजला चढवायला नगरपालिकेची परवानगी लागते, तरी घर आपलेच असते. म्हणून ई-पुस्तकाबद्दलची खरी तक्रार छापता येत नाही, नकलता येत नाही एवढीच नाही. ही बंधने देणाऱ्याच्या हातात राहतात आणि तो ती व्यवहार झाल्यावरही वाढवू शकतो, हे तिचे मूळ आहे.

दानाची शास्त्रीय व्याख्या इथे उपयोगी पडते. मीमांसक आणि धर्मशास्त्रकार दानाचे दोन घटक सांगतात: देणाऱ्याचे स्वत्व निवृत्त झाले पाहिजे आणि घेणाऱ्याचे उत्पन्न झाले पाहिजे. दुसरा घटक पहिल्यावाचून पुरा होत नाही. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे खटल्यांच्या विषयांत, दिलेली वस्तू परत घेण्याचे प्रकरण स्वतंत्र धरले आहे. विक्रीत तर मोबदला घेतलेला असतो, म्हणून तिथे ही निवृत्ती आणखी पक्की हवी. ई-पुस्तकांच्या दुकानात ती होतच नाही. विक्रेता किल्ली राखून ठेवतो, पुसण्याची क्षमता राखून ठेवतो, वाचक कोणत्या पानावर आहे हेही त्याला दिसत राहते. मीमांसेत विश्वजित यज्ञाच्या चर्चेत प्रश्न येतो, की सर्वस्व दान करणाऱ्या राजाला पृथ्वी दान देता येईल का. उत्तर नाही असे आहे. राजा तिचे रक्षण करतो, पण ती सर्वांची आहे; सत्ता असल्याने स्वत्व येत नाही. ग्राहकाच्या यंत्रातली फाइल पुसण्याची तांत्रिक ताकद कंपनीकडे आहे, यावरून ती पुसण्याचा अधिकार तिला आहे असेही सिद्ध होत नाही.

ऑर्वेल प्रकरणात एक गोष्ट कंपनीच्या बाजूची होती: मूळ विक्रीच सदोष होती. धर्मशास्त्रात याचे स्वतंत्र व्यवहारपद आहे, ‘अस्वामिविक्रय’, मालक नसलेल्याने केलेली विक्री. याज्ञवल्क्याची व्यवस्था अशी: मालकाला आपली वस्तू विकत घेणाऱ्याकडून मिळावी. उघडपणे खरेदी करणाऱ्याने विक्रेता दाखवून दिला की तो दोषमुक्त होतो आणि त्याला आपली किंमत विक्रेत्याकडून परत मिळते. एकांतात, अवेळी किंवा फारच कमी किमतीत घेणारा मात्र चोर ठरतो. इथपर्यंत २००९ चा परतावा शास्त्रात बसतो असे म्हणता येईल. पण पुढे दोन नियम येतात. मालकी सांगणाऱ्याने ती सिद्ध केली पाहिजे, नाहीतर त्यालाच दंड. आणि हरवलेली किंवा चोरीला गेलेली स्वतःची वस्तू जो राजाला न कळवता दुसऱ्याच्या हातून परस्पर घेतो, त्याला ९६ पण (तेव्हाचे नाणे) दंड. वस्तू खरोखर त्याची असली तरी दंड चुकत नाही. स्मृतिकाराला दिसत होते, की हक्क खरा असणे वेगळे आणि दुसऱ्याच्या हातातून तो स्वतःच बजावून घेणे वेगळे. जुलै २००९ मध्ये ग्राहकांना आधी कोणी विचारले नाही, कोणत्याही न्यायालयापुढे पुरावा ठेवला गेला नाही. हक्कधारक, विक्रेता, न्यायाधीश आणि बेलिफ या चौघांची कामे एका आज्ञेत उरकली गेली. डिजिटल कुलपाचा सर्वांत गंभीर दोष हा आहे. ते प्रत्येक वादाचा निकाल वाद सुरू होण्याआधीच लावून टाकते.

लेखकाचा हक्क या सगळ्यात कुठे बसतो? तो खोटा नाही. इमान्युएल कांट यांनी १७८५ मध्ये चोरट्या पुनर्मुद्रणाविरुद्ध लिहिलेल्या निबंधात एक उपयोगी भेद केला. पुस्तक एकीकडे वस्तू असते, दुसरीकडे लेखकाने लोकांशी केलेले भाषण. वस्तू म्हणून ती विकत घेणाऱ्याची. पण लेखकाच्या वतीने लोकांशी बोलण्याचा अधिकार प्रत विकत घेतल्याने मिळत नाही, तो लेखकाने नेमलेल्या प्रकाशकाचाच राहतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये वेगळ्या वाटेने हीच सीमा आखली. ‘द कास्टअवे’ या कादंबरीच्या प्रतींवर प्रकाशकाने छापले होते की ती एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास हक्कभंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला: एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाला अंकुश ठेवता येत नाही. भारतीय कायदाही प्रती लोकांत आणण्याचा हक्क लेखकाला देताना आधीच चलनात असलेल्या प्रती वगळतो. रद्दीच्या दुकानात, फुटपाथवर जुनी पुस्तके विकली जातात ती याच आधारावर.

डिजिटल फाइलने या सीमेचा पाया हलवला हे मान्य करावे लागते. कागदी पुस्तक दिले की देणाऱ्याकडचे जाते. फाइल दिली म्हणजे तिची नक्कल झाली, आणि देणाऱ्याची प्रत तशीच राहिली. वस्तू आणि भाषण हे कांटने वेगळे केलेले दोन पदर इथे एकमेकांत गुंततात. आधी विकत घेतलेल्या डिजिटल गाण्यांची फेरविक्री अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये याच कारणाने बेकायदा ठरवली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ई-पुस्तकांबाबतही तोच निर्णय दिला. लेखकांची भीती निराधार नाही. पण भीतीवर उपाय म्हणून प्रत्येक प्रामाणिक वाचकाला कायमच्या देखरेखीखाली ठेवणे हा एकच मार्ग होता, असे अनुभव सांगत नाही. विज्ञानकथा छापणाऱ्या ‘टॉर’ या प्रकाशनाने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरचे कुलूप काढले. हॅरी पॉटरची ई-पुस्तके त्याच वर्षी बाजारात आली ती डिजिटल खुणेसह: फाइल मोकळी, पण ती कोणाला विकली याची नोंद तिच्यातच दडलेली. अशी खूण गैरवापर करणाऱ्याला नंतर जबाबदार धरू शकते. ती वाचकाला आधीच चोर मानत नाही.

ग्रंथालयांवर परवान्याचे बंधन अधिक जाचक आहे. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये अमेरिकी ग्रंथालयांना दिलेल्या ई-पुस्तकांना २६ वेळा देण्याची मर्यादा घातली. त्यानंतर परवाना पुन्हा विकत घ्यायचा. कारण असे दिले गेले की छापील पुस्तकही वापराने झिजते. न झिजणे हा डिजिटल पुस्तकाचा जो एक निर्विवाद गुण, तोच मुद्दाम काढून टाकला गेला.

पुस्तकाला कुलूप लावण्याची एक जुनी मराठी परंपराही आहे. महानुभाव पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपी रवळोव्यासांनी योजली असे मानतात. एका अक्षराच्या जागी दुसरे येई, आणि संकेत ठाऊक नसणाऱ्याला पोथी हातात असूनही निरर्थक वाटे. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना हे वाङ्मय वाचता येऊ लागले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या पिढीत. मराठीचे आद्य गद्य इतका काळ बहुसंख्य मराठी माणसांना बंद राहिले, ही किंमत लहान नव्हती. तरी त्या कुलपाची रचना आजच्यापेक्षा वेगळी होती. किल्ली वाचणाऱ्याच्या स्मरणात असे. ज्याला ती दिली त्याच्याकडून परत काढून घेता येत नसे. पोथ्या गावोगावच्या मठांत, थेट पंजाबपर्यंत, एकमेकींपासून स्वतंत्र पसरल्या होत्या. म्हणून एकदा उकल झाल्यावर सगळ्याच वाचता आल्या. आजच्या कुलपाची किल्ली एका सर्व्हरवर असते. तो बंद पडला तर शेजाऱ्याकडच्या प्रतीचाही उपयोग नसतो, कारण तीही त्याच सर्व्हरकडे तोंड करून उभी असते.

स्वतंत्र प्रतींचे महत्त्व एकनाथांच्या कार्यातूनही दिसते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर नकलणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये अशी ताकीद एकनाथांनीच दिली. मुक्त नकलेने ग्रंथ भ्रष्ट होतो, हे त्यांच्याइतके कोणी जवळून पाहिले नसेल. पण शुद्धीकरण शक्य झाले तेही नकला अनेकांच्या घरी होत्या म्हणून; एकीतली चूक दुसरीशी ताडून कळते. जिथे सगळ्या प्रती एकाच ठिकाणाहून बदलता येतात, तिथे मजकूर गुपचूप सुधारला गेला तर ताडून पाहायला काहीच उरत नाही.

कुलूप तोडण्याच्या प्रश्नात भारतीय कायद्याची भूमिका अमेरिकेपेक्षा समंजस आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणे हाच स्वतंत्र अपराध केला. सूट हवी असेल तर दर तीन वर्षांनी होणाऱ्या सुनावणीत ती मागावी लागते. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात आलेले ६५अ हे कलम हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण कायद्याने स्पष्टपणे न निषेधलेल्या कामासाठी तसे करण्याला आडकाठी करत नाही. दुसऱ्याला त्यात मदत करणाऱ्याने मात्र त्याचे नाव, पत्ता आणि हेतू यांची नोंद ठेवायची असते. त्याच दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी वाचनसुलभ प्रती करण्याची मुभा दिली, आणि अंधांच्या वाचनहक्काचा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी भारताने मंजूर केला. कुलूप मात्र कायदा वाचत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांचे आहे. तरीही ‘श्यामची आई’ कोणी कुलूपबंद फाइलमध्ये विकली, तर ती फाइल कायद्याने मोकळे केलेले पुस्तक पूर्वीइतकेच बंद ठेवील.

वाचकाच्या हाती काय उरते, याचे उत्तर बरेचसे खरेदीच्या क्षणीच ठरते. विनाकुलूप ईपब किंवा पीडीएफ फाइल देणारे प्रकाशक आणि दुकाने निवडता येतात. ईपब हा कोणा एका कंपनीच्या मालकीचा नसलेला खुला नमुना आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ पासून मुक्त पुस्तके देत आले आहे. मराठीत ई साहित्य प्रतिष्ठान पीडीएफ पुस्तके विनामूल्य वाटते. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केलेला ‘कॅलिबर’ हा मोफत प्रोग्राम अशा फायलींचा संग्रह लावतो, एका नमुन्यातून दुसऱ्यात बदलतो आणि बहुतेक यंत्रांत भरतो. कुलूप तो स्वतः काढत नाही. फायलींची एक प्रत संगणकावर आणि एक वेगळ्या डिस्कवर ठेवावी. टिपणे वेळोवेळी पुस्तकातून बाहेर काढून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवावीत, कारण त्या संग्रहात सर्वस्वी वाचकाचे असे तेवढेच असते.

शेवटचा प्रश्न वारशाचा. गौतमाने दिलेल्या स्वत्वाच्या साधनांत वारसा पहिला आहे, आणि मिताक्षरेत तर मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क जन्मानेच उत्पन्न होतो. दुकानाच्या खात्यातली पुस्तके सहसा या साखळीत येत नाहीत. परवाना व्यक्तीला दिलेला असतो, तो हस्तांतरित करता येत नाही आणि खातेदार गेला की वारसाला त्या संग्रहावर हक्क सांगता येत नाही. विनाकुलूप फायलींची डिस्क मात्र घरातल्या इतर वस्तूंसारखी मागे राहते. तिच्यातली पुस्तके, त्यांच्यातल्या खुणा आणि टिपणे मृत्युपत्रात नोंदवता येतात, आणि मुलांना त्यासाठी कोणाचा पासवर्ड मागावा लागत नाही.